रेनाल्डो नेहेमाया आणि ११० मीटर हर्डल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेनाल्डो नेहेमाया कोण?

अमेरिकेचा हर्डलर, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतला धावपटू. जन्म २४ मार्च १९५९, न्यू जर्सी राज्यातलं नेवार्क. शाळा स्कॉच प्लेन्स-फॅनवुड हायस्कूल, प्रशिक्षक जीन पोकेट. कॉलेज मेरीलँड विद्यापीठ. टोपणनाव 'स्कीट्स'. ११० मीटर हर्डल्स १३ सेकंदांच्या आत धावलेला जगातला पहिला माणूस म्हणून तो प्रसिद्ध आहे: १२.९३, झुरिच, १९ ऑगस्ट १९८१.

हर्डल्स शिकणाऱ्यांनी मात्र त्याआधीची चार वर्षं जास्त बारकाईने पाहावीत. १९७७ मध्ये तो शाळेतून बाहेर पडला आणि १९७९ च्या मे महिन्यात, विसाव्या वर्षी, विश्वविक्रम १३.००वर नेऊन ठेवला. मधल्या दोन वर्षांत त्याच्यासाठी हर्डल तीन इंचांनी उंच झाला होता. शाळेतले बहुतेक चॅम्पियन याच तीन इंचांवर अडतात.

शाळेत त्याची सर्वोत्तम वेळ काय होती?

१९७७ मध्ये १२.९. ही वेळ ३९ इंची हर्डलवरची आणि हातघड्याळावरची आहे. या दोन गोष्टी न सांगता तो आकडा १२.९३च्या शेजारी मांडला की शाळकरी मुलगा विश्वविक्रमाहून वेगवान होता असा घोळ होतो. समाजमाध्यमांवर तो अधूनमधून होतोच.

हातघड्याळाची वेळ नेहमी कमी येते. पंच पिस्तुलाचा धूर किंवा ठिणगी पाहून बटण दाबतो, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र धावपटू रेषेकडे येताना त्याला दिसत असतो, त्यामुळे तिथे तेवढा उशीर होत नाही. ही तफावत भरून काढायला १०० मीटर, २०० मीटर आणि ११० मीटर हर्डल्ससाठी ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे. त्या हिशेबाने १२.९ म्हणजे स्वयंचलित यंत्रावर साधारण १३.१४, तीही ३९ इंचांवर. तरीसुद्धा शाळकरी मुलासाठी ती अफाट वेळ आहे.

हातघड्याळाची वेळ दशांशाच्या एकाच स्थानापर्यंत देतात आणि पुढच्या दशांशावर चढवतात. घड्याळात १२.८१ दिसलं तर नोंद १२.९ होते. आपल्याकडच्या तालुका-जिल्हा स्पर्धांत हाताने घेतलेली वेळ '१४.३७' अशी लिहिलेली दिसते. ती चूक आहे. १४.४ लिहायला हवं.

अमेरिकेतला शाळेचा आणि कॉलेजचा हर्डल यांत नेमका फरक काय?

फक्त उंचीचा. शाळेत मुलांचा हर्डल ३९ इंच म्हणजे ९९.१ सेंटिमीटर, कॉलेजात आणि खुल्या गटात ४२ इंच म्हणजे १०६.७ सेंटिमीटर. बाकीची मापं तीच राहतात:

- सुरुवातीच्या रेषेपासून पहिला हर्डल: १३.७२ मीटर
- दोन हर्डलमधलं अंतर: ९.१४ मीटर
- शेवटच्या हर्डलपासून समाप्ती रेषा: १४.०२ मीटर
- हर्डल: १०

अंतरं बदलत नाहीत हे ऐकायला सोपं वाटतं, पण अडचण त्यातच आहे. हर्डल उंच झाला की टेक-ऑफ, म्हणजे झेप, थोडा लांबून घ्यावा लागतो आणि हवेतला वेळ वाढतो. दोन हर्डलमधली जागा मात्र तेवढीच. त्याच जागेत तीच तीन पावलं बसवायची, तीही थोड्या कमी झालेल्या वेगाने.

ही अंतरं अशी विचित्र का?

मूळ यार्डातली आहेत म्हणून. १५ यार्ड, मग दहा-दहा यार्डांची नऊ अंतरं, शेवटी पुन्हा १५ यार्ड, असे १२० यार्ड. १२० यार्ड म्हणजे १०९.७३ मीटर. ११० मीटरची शर्यत करताना उरलेले २७ सेंटिमीटर शेवटच्या धावेत टाकले. म्हणून ती १३.७२ ऐवजी १४.०२ आहे (मधल्या अंतरांच्या पूर्णांकनाचे दोन-तीन सेंटिमीटर त्यातच मिसळले आहेत). नेहेमायाच्या शाळेच्या काळात अमेरिकेत दोन्ही मापं चालत. त्या २७ सेंटिमीटरला अंदाजे ०.०३ सेकंद लागतात, त्यामुळे हातघड्याळाच्या जुन्या नोंदींत १२० यार्ड आणि ११० मीटर एका रांगेत दिसतात.

३९ इंचांवरून ४२ इंचांवर जाताना काय बिघडतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, तेव्हा थोडं सविस्तर.

पहिली चूक म्हणजे टेक-ऑफ जवळून घेणं. हर्डल उंच दिसतो, धावपटू मनातून कचरतो, शेवटचं पाऊल लांबवतो आणि हर्डलच्या पायथ्याशी येऊन वर उडी मारतो. चांगला धावपटू ४२ इंचांवर साधारण २ ते २.२ मीटर अलीकडून निघतो आणि १.२ ते १.४ मीटर पलीकडे उतरतो. टेक-ऑफ १.८ मीटरच्या आत आला की पुढचा पाय सरळ होण्याआधी हर्डलला लागतो. तो लागू नये म्हणून धावपटू आणखी वर उडी मारतो आणि उतरायला उशीर होतो. टेक-ऑफच्या जागी ट्रॅकवर खडूने रेघ मारा आणि बूट कुठे पडतो ते पाहा. याचा अंदाज डोळ्यांनी लागत नाही.

दुसरी चूक बसकं टेक-ऑफ. शेवटच्या पावलाला कंबर खाली गेली तर ती पुन्हा वर उचलण्यातच ताकद संपते. टेक-ऑफचं पाऊल चवड्यावर पडलं पाहिजे, टाच टेकता कामा नये, आणि ते आधीच्या पावलापेक्षा किंचित आखूड हवं. पाऊल आखूड असलं की कंबर आपोआप पायाच्या पुढे जाते.

तिसरी चूक मागच्या पायाची. ३९ इंचांवर मागचा पाय थोडा खाली लोंबला तरी चालून जातं. ४२ वर तोच गुडघा किंवा घोटा हर्डलवर आपटतो. गुडघा काखेकडे ओढून समोर आणायचा, बाजूने गोल फिरवून सोडून द्यायचा नाही. सोडला की उतरताना कंबर वळते, पहिलं पाऊल तिरकं पडतं आणि पुढचा हर्डल लांब वाटू लागतो. अनेकांना वाटतं आपला वेग कमी पडतोय. खरं तर तिरप्या पावलामुळे २०-३० सेंटिमीटर वाया गेलेले असतात.

चौथी चूक उतरण्याची. पुढचा पाय हर्डल ओलांडल्यावर वाट न पाहता खाली आणायचा असतो. तो हवेत तरंगत ठेवला की शरीर मागे राहतं, टाच आधी टेकते आणि ब्रेक लागतो. उतरताना खांदे पायाच्या थोडे पुढे असावेत. टाचेचा 'धप्प' आवाज आला तर व्हिडिओ काढायचीही गरज नाही.

सरावाचा क्रम साधारण असा ठेवतात. सुरुवातीला पाच हर्डल ३९ वरच, पण अंतर ९.१४ ऐवजी ८.६ ते ८.८ मीटर, म्हणजे पावलं झपझप पडण्याची सवय होते. मग त्याच अंतरावर पहिले दोन ४२ आणि पुढचे तीन ३९. मग पाचही ४२, अंतर तेच. पावलांची लय टिकली तरच अंतर हळूहळू ९.१४ पर्यंत न्यायचं. एका सत्रात पूर्ण वेगाचे पाच-सहा स्टार्ट पुष्कळ झाले. दमलेल्या पायांनी उंच हर्डल पार करत राहिलं की अंगात चुकीची सवय मुरते, आणि ती घालवायला ती लागण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस जातात.

पहिल्याच दिवशी पूर्ण अंतर, पूर्ण उंची आणि दहा हर्डल लावून 'जमतंय का बघू' हा प्रकार टाळा. जमत नाहीच, वर मुलगा हर्डलला घाबरायला लागतो.

नेहेमायाला हा बदल किती दिवसांत जमला?

एका हंगामात. १९७८ च्या एनसीएए मैदानी स्पर्धेत, म्हणजे अमेरिकेच्या आंतरविद्यापीठ अजिंक्यपदात, तो दुसरा आला. पहिला यूसीएलए विद्यापीठाचा ग्रेग फॉस्टर, १३.२२. त्याच वर्षी १६ ऑगस्टला झुरिचमध्ये नेहेमाया १३.२३ धावला. ती ज्युनिअर गटातली जागतिक सर्वोत्तम वेळ ठरली, आणि ती ४२ इंचांवरची होती. २००२ मध्ये चीनचा लिऊ शियांग १३.१२ धावला तेव्हा कुठे ती मागे पडली.

फॉस्टरचा उल्लेख इथे हवाच. नेहेमायाच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या वेळेच्या मागे किंवा शेजारी फॉस्टर आहे. तो उंच, लांब ढांगांचा, नेहेमाया त्या मानाने चपळ. दोघांपैकी एकच असता तर वेळा इतक्या खाली आल्या नसत्या असं आमचं मत आहे.

१९७९ हे वर्ष एवढं गाजतं ते का?

आकडेच पाहा. वर्षाच्या सुरुवातीला विश्वविक्रम क्युबाच्या आलेहांद्रो कासान्यासच्या नावावर होता: १३.२१, सोफिया, १९७७.

- १४ एप्रिल, सॅन होजे: १३.१६, विश्वविक्रम (पाठचा वारा सेकंदाला +१.७ मीटर)
- ६ मे, वेस्टवुड, लॉस एंजेलिस: १३.००, विश्वविक्रम (वारा +०.९)
- जून, शँपेन, इलिनॉय, एनसीएए स्पर्धा: १२.९१, पहिला क्रमांक (वारा +३.५, विक्रमासाठी अमान्य)
- सॅन हुआन, पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धा: १३.२०, सुवर्ण
- माँट्रियल, विश्वचषक: सुवर्ण

तीन आठवड्यांत विश्वविक्रम ०.२१ सेकंदांनी खाली आला. ११० मीटर हर्डल्समध्ये विक्रम सहसा एक-दोन शतांशांनी हलतो. हिशेब करून पाहा: एप्रिल १९७९ ते ऑगस्ट १९८१ या काळात एकट्या नेहेमायाने १३.२१ चे १२.९३ केले, म्हणजे ०.२८. त्यापुढचे ०.१३ कमी व्हायला ३१ वर्षं आणि पाच माणसं लागली: रॉजर किंग्डम १२.९२ (१९८९), कॉलिन जॅक्सन १२.९१ (१९९३), लिऊ शियांग १२.८८ (२००६), डेरॉन रोब्लेस १२.८७ (२००८), एरीस मेरिट १२.८० (२०१२).

एनसीएएत १२.९१ धावला, मग १३च्या आत जाणारा पहिला माणूस म्हणून १९८१ ची धाव का धरतात?

वाऱ्यामुळे. पाठीमागचा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असला तर वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. त्या दिवशी तो ३.५ होता. विजेतेपदाला वाऱ्याची अट नसते, त्यामुळे स्पर्धा त्याचीच, फक्त वेळ विक्रमांच्या यादीत गेली नाही. झुरिचच्या १२.९३ ला वारा उलट समोरून होता, -०.२. फॉस्टर त्या शर्यतीत १३.०३ मध्ये दुसरा आला.

वारा मोजायची पद्धतही माहीत असावी. वायुमापक समाप्ती रेषेच्या ५० मीटर अलीकडे, पहिल्या लेनच्या बाजूला, ट्रॅकपासून दोन मीटरच्या आत, १.२२ मीटर उंचीवर ठेवतात. १०० मीटरला १० सेकंद मोजतात, ११० मीटर हर्डल्सला १३ सेकंद, पिस्तूल उडाल्यापासून.

हर्डल्समध्ये पाठचा वारा दर वेळी फायद्याचाच असतो असंही नाही. ढांग लांबते आणि धावपटू हर्डलच्या फार जवळ जाऊन पोचतो. दोन मीटरच्या वाऱ्यात तीन पावलं मुद्दाम आखूड आणि जलद टाकावी लागतात, नाहीतर सहाव्या-सातव्या हर्डलला आपटी ठरलेली. समोरच्या वाऱ्यात उलट, शेवटच्या दोन-तीन हर्डलना पाऊल पुरत नाही.

पहिल्या हर्डलपर्यंत सात पावलं की आठ?

नेहेमायाच्या पिढीत आठ पावलांचीच पद्धत होती. सात पावलांची पद्धत रोब्लेसच्या यशानंतर पसरली. मेरिटही आठवरून सातवर आला आणि त्यानंतर २०१२ मध्ये त्याने १२.८० केले. आज वरच्या पातळीवर सात नेहमीचं आहे.

बदल करायचा तर ब्लॉकमधले (सुरुवातीला पाय टेकवायच्या आधारावरचे) पाय बदलावे लागतात. आठ पावलांत हर्डलवर आधी जाणारा पाय ब्लॉकमध्ये मागे असतो, सात पावलांत पुढे. हे न बदलता पावलं कमी केली की चुकीचा पाय पुढे येतो आणि धावपटू पहिल्याच हर्डलला गोंधळतो.

सात पावलांसाठी उंची आणि विशेषतः पायांची ताकद लागते. १३.७२ मीटरमधून टेक-ऑफचे दोन मीटर वजा करा, साधारण ११.७ मीटर उरतात. ते सात पावलांत कापायचे म्हणजे ब्लॉकमधून बाहेर पडतानाच जोर हवा. शाळेतल्या मुलाला आठच पावलं द्यावीत. सातची घाई केली की शेवटची दोन पावलं ताणली जातात आणि वर सांगितलेलं बसकं टेक-ऑफ हमखास येतं.

दोन हर्डलमधली तीन पावलं सारखी असतात का?

नाही. उतरल्यानंतरचं पहिलं सर्वांत आखूड, दुसरं सर्वांत लांब, तिसरं थोडं आखूड. तिन्ही सारखी टाकायचा प्रयत्न करणारा धावपटू टेक-ऑफला लांबलेला असतो. इथे वेग ढांगेच्या लांबीतून वाढत नाही, कारण जागा बांधलेली आहे. तो पावलांच्या झपाट्यातूनच येतो. नेहेमायाचं वेगळेपण यातच होतं. हर्डलवरून जाण्याची शैली देखणी असलेले त्याच्या आधीही होते. हर्डल संपताच पुन्हा स्प्रिंटरसारखे पाय चालवणारा तो होता.

आपली धाव कुठे कमी पडते हे कसं शोधायचं?

प्रत्येक हर्डलनंतर पुढचा पाय जमिनीला टेकतो त्या क्षणाची वेळ घ्या. याला टचडाउन टाइम म्हणतात. खाली दोन नमुने आहेत. ते कोणा एका धावपटूचे मोजलेले आकडे नाहीत, अंदाजपत्रक म्हणून वापरा.

१३.०० सेकंदांची धाव: पहिला टचडाउन साधारण २.५, नंतरची प्रत्येक फेरी (एका टचडाउनपासून पुढच्यापर्यंत) सरासरी १.०१, शेवटची धाव १.४.

१५.०० सेकंदांची धाव: पहिला टचडाउन साधारण २.८, नंतरची प्रत्येक फेरी सरासरी १.१७, शेवटची धाव १.६५ च्या आसपास.

फेऱ्यांचे आकडे एकाखाली एक लिहिले की दुखणं दिसतं. चांगल्या धावपटूची सर्वांत जलद फेरी चौथ्या-पाचव्या हर्डलच्या आसपास येते आणि पुढे थोडी घसरण होते. दुसऱ्या-तिसऱ्या हर्डललाच सर्वांत जलद फेरी येऊन लगेच आकडा वाढू लागला, तर वेग टिकवण्याचं काम बाकी आहे. एकाच फेरीत अचानक ०.०८-०.१० वाढले, तर तिथे हर्डल लागलाय किंवा उतरताना तोल गेलाय.

फोनवर स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घ्या. साध्या ३० चित्रांच्या व्हिडिओत एकेका चित्राचा फरक ०.०३३ सेकंद असतो. इतक्या ढोबळ मोजणीत वरच्या नमुन्यातला फरक सापडणार नाही.

पेन रिलेज १९७९ मध्ये काय घडलं?

फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर एप्रिलअखेर होणारी ही रिले शर्यतींची जुनी आणि प्रचंड गर्दीची स्पर्धा. नेहेमाया मेरीलँडच्या तीन विजयी संघांत धावला: शटल हर्डल रिले, ४×२०० आणि ४×४००. शेवटच्या रिलेत अखेरचा टप्पा त्याने ४४.३ मध्ये धावला, हातघड्याळावर आणि धावत्या सुरुवातीवरून. हर्डलरने ४०० मीटरच्या खेळाडूंना असं मागून येऊन गाठावं, हे तेव्हाच्या प्रेक्षकांनाही नवलाचं होतं.

शटल हर्डल रिले आपल्याकडे होत नाही. चार धावपटू, प्रत्येकाला दहा हर्डल, पहिला जातो आणि दुसरा समोरून उलट दिशेने येतो. बॅटन नसते. संघाला शेजारशेजारच्या दोन लेन लागतात, एक जायला आणि एक यायला, आणि दोन्ही लेनमध्ये हर्डल विरुद्ध दिशांना तोंड करून लावतात.

हर्डल पडला तर धावपटू बाद होतो का?

पडला म्हणून होत नाही. मुद्दाम हाताने ढकलला किंवा लाथेने पाडला तर होतो. मागचा पाय हर्डलच्या वरून न जाता बाहेरून, पट्टीच्या पातळीखालून गेला तरीही बाद. शेजारच्या लेनमधल्या धावपटूला अडथळा केला तरीही.

पाडण्यात फायदा मात्र काही नाही. नियमाप्रमाणे हर्डल आडवा पडायला वरच्या पट्टीच्या मध्यावर ३.६ ते ४ किलो इतका जोर लागावा लागतो. घोट्याने हलका स्पर्श झाला तर वेळ जात नाही, मांडीने किंवा गुडघ्याने धडक बसली तर फेरी बिघडते.

नेहेमायाचे झुरिचचे १२.९३ अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचा विक्रम का नाहीत?

कॉलेजचा विक्रम धरताना खेळाडू कॉलेजकडून खेळायला पात्र असताना, त्या हंगामात झालेलीच धाव मोजतात. हंगाम जूनमधल्या अजिंक्यपदाबरोबर संपतो. ऑगस्ट १९८१ ची युरोपातली धाव त्यात बसत नाही. म्हणून कॉलेजच्या यादीत त्याचे मे १९७९ चे १३.०० राहिले.

तो ऑलिंपिकमध्ये का दिसत नाही?

१९८० ची अमेरिकेची निवड चाचणी त्याने जिंकली. पण अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. तिथे पूर्व जर्मनीचा थॉमस मुंकेल्ट १३.३९ मध्ये सुवर्ण घेऊन गेला, कासान्यास १३.४० मध्ये दुसरा. वर्षभर आधी नेहेमाया काय धावत होता ते वर आलंच आहे.

१९८२ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघात गेला, कॉलेजात फुटबॉल न खेळताच. वाइड रिसीव्हर (लांबचे पास झेलणारा खेळाडू) म्हणून तीन हंगामांत ४३ झेल आणि ४ टचडाउन (फुटबॉलमधला गोलसारखा प्रकार) त्याच्या नावावर आहेत. जानेवारी १९८५ मध्ये सुपर बोल, म्हणजे त्या खेळाचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघातही तो होता. पण तेव्हाच्या नियमानुसार एका खेळात पैसे घेणारा दुसऱ्या खेळातही व्यावसायिक ठरे, त्यामुळे ॲथलेटिक्सचं दार बंद झालं आणि १९८४ चं लॉस एंजेलिस गेलं. १९८६ मध्ये त्याला परत खेळू दिलं. १९९१ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, तो १३.१९ धावला, म्हणजे अंगात शर्यत शिल्लक होतीच. तेवीस ते सत्तावीस ही वर्षं मात्र गेली ती गेली.

१३.०० चा कॉलेज विक्रम शेवटी कोणी मोडला?

फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्रँट हॉलोवेने, ७ जून २०१९ रोजी, ऑस्टिनमधल्या एनसीएए अंतिम शर्यतीत: १२.९८. विक्रम ४० वर्षं टिकला होता. त्याच शर्यतीत केंटकीचा डॅनियल रॉबर्ट्स १३.०० धावला आणि दुसरा आला. नेहेमायाच्या बरोबरीची वेळ करूनही हरण्याची पाळी त्याच्यावर आली.

हॉलोवे व्हर्जिनियातल्या चेसापीकचा, ग्रासफील्ड हायस्कूलचा. एनसीएएची मैदानी ११० मीटर हर्डल्स त्याने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीनदा जिंकली. लांब उडीत ८.१७ मीटर. पुढे तीन मैदानी जागतिक विजेतेपदं, २०२१ मध्ये युजीनला १२.८१ आणि पॅरिस २०२४ मध्ये १२.९९ सह ऑलिंपिक सुवर्ण.

दोघांची तुलना करताना ट्रॅक, स्पाइक्स आणि सात पावलांचा स्टार्ट हे सगळं हॉलोवेच्या बाजूला आहे. आमच्या मते १९७९ चे १३.०० आजही जड भरतात.

आपल्याकडे वयोगटांना हर्डलची उंची किती असते?

११० मीटरसाठी १८ वर्षांखालील मुलांना ९१.४ सेंटिमीटर, २० वर्षांखालील मुलांना ९९.१, खुल्या गटात १०६.७. म्हणजे आपला २० वर्षांखालचा हर्डल हाच अमेरिकन शाळेचा हर्डल. उंची एका गटातून दुसऱ्यात गेल्यावर साडेसात-पावणेआठ सेंटिमीटरच चढते, त्यामुळे वर दिलेला सरावाचा क्रम दोन्ही टप्प्यांना लागू पडतो.

महाराष्ट्राचं या शर्यतीशी नातं चांगलं आहे. मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाच्या नावावर १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम होता. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या तेजस शिरसेने मे २०२४ मध्ये फिनलंडमधल्या युवास्क्युला इथे १३.४१ करून तो मोडला. १३.०० आणि १३.४१ यांच्यातलं अंतर मैदानावर साधारण साडेतीन मीटर भरतं. ते दहा हर्डलवर वाटलं तर प्रत्येक हर्डलमागे चार शतांश सेकंद.

शाळेच्या मैदानावर हर्डल लावताना कोणत्या चुका होतात?

दिशा. हर्डलचे आडवे पाय धावपटू ज्या बाजूने येतो त्या बाजूला हवेत, तरच धक्का लागल्यावर हर्डल पुढे पडतो. उलट लावलेला किंवा परत येताना उलट बाजूने पार केलेला हर्डल पडत नाही, धावपटू पडतो. सरावात 'येतानाही मारून ये' असं सांगणं धोक्याचं आहे.

वजनं. उंची बदलताना पायांवरची सरकती वजनंही बदलायची असतात. उंची वाढवली की वजनं उभ्या दांड्यापासून दूर, कमी केली की जवळ. ४२ साठी लावलेली वजनं तशीच ठेवून हर्डल ३६ वर आणला तर तो कडक होतो आणि नवशिक्या मुलाची नडगी फुटते. मोजायला साधा स्प्रिंग काटा पुरतो: पट्टीच्या मध्याला अडकवून धावण्याच्या दिशेने ओढा, ३.६ आणि ४ किलोच्या मध्ये हर्डल कलंडायला हवा.

अंतर. पावलांनी मोजू नका. स्टीलची टेप एकदाच सुरुवातीच्या रेषेवर धरा आणि १३.७२, २२.८६, ३२.००, ४१.१४, ५०.२८, ५९.४२, ६८.५६, ७७.७०, ८६.८४, ९५.९८ या खुणा करा. प्रत्येक हर्डलपासून पुढचा मोजत गेलात तर दर वेळची सेंटिमीटरची चूक साठत जाते. खूण हर्डलच्या वरच्या पट्टीच्या धावपटूकडच्या कडेखाली यावी, पायांच्या टोकाखाली नाही. पायाच्या टोकाशी खूण जुळवली तर पहिला हर्डल अर्ध्या मीटरहून जास्त पुढे सरकतो आणि आठ पावलं बसत नाहीत म्हणून मुलाला उगाच बोलणी बसतात.